पावतीवर नसलेली जागा

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळींमधल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर, दोन बेडरूम, वेगळं स्वयंपाकघर आणि घरातल्या घरात संडास-बाथरूम. ती बातमी मी दोनदा वाचली. या चाळी उभ्या राहिल्या त्याला शंभर वर्षं झाली. गिरणीत, गोदीत, महापालिकेत, पोलिसात राबलेल्या माणसांच्या नातवंडा-पतवंडांना वरळीसारख्या ठिकाणी, शहराच्या टोकाला न हाकलता, मालकीचं घर मिळालं. मुंबईत असं फार वेळा घडलेलं नाही. म्हणून पुढे जे लिहितो आहे ते या घरांच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये.

मी लालबागच्या एका खाजगी चाळीत वाढलो. तिसरा मजला, दहा बाय बाराची खोली, आम्ही सात माणसं. आई पहाटे चारला नळावर नंबर लावायची. संडास गॅलरीच्या टोकाला, पूर्ण मजल्यात मिळून चार, त्यातला एक बहुतेक वेळा तुंबलेला. माझी आजी संध्याकाळी सहानंतर पाणी पीत नसे. रात्री अंधारात त्या टोकापर्यंत चालत जावं लागू नये म्हणून. हे मला तेव्हा कळलं नाही, ती गेल्यावर आईने सांगितलं. चाळीच्या आठवणींवर गहिवरून बोलणारे बरेच जण चाळ सोडून गेलेले असतात, आणि त्यांच्या बोलण्यात अशी तहानलेली आजी सहसा येत नाही. चाळी पडायलाच हव्यात. प्रश्न त्यांच्या जागी काय उभं करायचं हा आहे, आणि त्याचं उत्तर आपण गेली तीस वर्षं एकाच आकड्यात देत आलो आहोत. चटईक्षेत्र किती?

आमच्या खोलीसमोर गॅलरीचा जो तुकडा येत होता तो दहा फूट लांब आणि चार फूट रुंद होता. चाळीस चौरस फूट. खोली १२० फुटांची, म्हणजे राहत्या जागेचा चौथा हिस्सा खोलीच्या बाहेर होता. वडील रातपाळी करून सकाळी आठला येत आणि नऊ वाजता झोपत. तेव्हापासून दुपारपर्यंत आम्हा भावंडांचं सगळं आयुष्य त्या चाळीस फुटांत चाले. अभ्यास, वेणीफणी, भाजी निवडणं, भांडण, सगळं. शेजारच्या काकू सात गिरणी कामगारांना जेवण घालायच्या. त्यांची खानावळ म्हणजे दाराबाहेर मांडलेले दोन पाट आणि कठड्याला टेकून ठेवलेली ताटं. त्यातून त्यांच्या दोन मुलींची शिक्षणं झाली. चार खोल्या पलीकडे कोकणातल्या एकाच गावच्या पुरुषांची खोली होती. खोलीत सामान, झोपायला गॅलरी आणि गच्ची. आजारी माणसाची खाट दिवसा गॅलरीत यायची, कारण उजेड आणि वारा तिथे होता. साखरपुडा, डोहाळजेवण, दहावा, सगळं तिथेच. आणि हा चाळीस फुटांचा तुकडा शेजारच्या चाळीस फुटांना जोडलेला होता, तो पुढच्याला. असे अठरा तुकडे मिळून एक रस्ता होत होता, ज्यावर कुणाचंही मूल रांगत गेलं तर कुणी ना कुणी उचलून आणायचं.

पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली तेव्हा मोजणीला माणसं आली. त्यांनी पहिल्यांदा मागितली ती भाडेपावती. पावतीवर खोलीचा नंबर होता, भाडेकरूचं नाव होतं, भाडं होतं. गॅलरी नव्हती. गच्ची नव्हती. खालचं पटांगण, जिथे गणपती बसायचा आणि एरवी आम्ही लंगडी खेळायचो, ते नव्हतं. जे पावतीवर होतं त्याची भरपाई मिळाली. माझ्या काकांना १२० फुटांच्या खोलीच्या बदल्यात ३०० फुटांचं घर सतराव्या मजल्यावर मिळालं. जे पावतीवर नव्हतं ते हिशेबातच धरलं गेलं नाही. यात कुणी आमची फसवणूक केली असं मी म्हणत नाही. मागायला हवं हे आम्हालाच सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी मागायला आधार कोणता दाखवणार होतो? माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीत आहे. गरीब आणि मध्यम माणसाच्या राहण्यातला मोठा भाग सामाईक जागेत चालतो, ती जागा कधीच त्याच्या नावावर लिहिली गेलेली नसते, आणि पुनर्विकास मात्र फक्त लिहिलेलंच मोजतो.

बीडीडी चाळींचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झालं. कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधायचा बेत होता. प्रत्यक्षात १६ हजारांच्या आसपास झाल्या. वरळीत १२१ चाळी, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२, शिवडीला १२. तळमजला अधिक तीन मजले, एका मजल्यावर वीस खोल्या, मधून एक लांब बोळ आणि दोन्ही बाजूंना दहा-दहा दारं. खाजगी चाळींसारखी उघडी गॅलरी इथे नव्हती. खिडक्यांच्या जागी सुरुवातीला सिमेंटच्या झडपा होत्या. सरकारने खोल्या दिल्या, वस्ती दिली नाही. गिरण्यांपासून लांब, जवळ धड बाजार नाही, म्हणून पहिली काही वर्षं वरळीच्या कितीतरी खोल्यांना भाडेकरू मिळत नव्हते. नंतर माणसं आली आणि दोन चाळींच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यांत त्यांनी वस्ती स्वतः घडवली. तिथे व्यायामशाळा झाल्या, क्रीडा मंडळं झाली, भजनी मंडळं, बुद्धविहार, वाचनालयं झाली. जांबोरी मैदानावर कबड्डी रंगली, सभा गाजल्या. यातलं काहीही मूळ नकाशात नव्हतं.

नेमक्या त्याच दशकात व्हिएन्ना शहरात कामगारांसाठी घरं बांधली जात होती. तिथल्या नगरपालिकेने १९२३ मध्ये घरबांधणीसाठी खास कर लावला आणि १९३४पर्यंत ६० हजारांहून जास्त घरं उभी केली. १९३० साली खुल्या झालेल्या कार्ल मार्क्स होफ या वसाहतीत १,३८२ घरं होती. तीही मोठी नव्हती. पण एकूण जमिनीच्या जेमतेम एक पंचमांश भागावर बांधकाम होतं आणि बाकीच्यावर बागा आणि अंगणं. वसाहतीत धुलाईघरं होती, स्नानगृहं होती, बालवाड्या होत्या, वाचनालय होतं. घर लहान असेल तर घराबाहेरचं मोठं हवं, हे तिथे नकाशा काढतानाच ठरलं होतं. ती वसाहत आजही उभी आहे आणि तिच्यात माणसं राहतात. मुंबई आणि व्हिएन्ना यांची बरोबरी नाही. एक गुलाम देशातलं शहर, दुसऱ्यात निवडून आलेली कामगारांची नगरपालिका. पण शंभर वर्षांनी आपलं सरकार आपल्या माणसांसाठी घरं बांधतं आहे. आता तरी जॉर्ज लॉईडची चूक पुन्हा करायला नको.

काका गेल्या वर्षी वारले. सतराव्या मजल्यावरून त्यांना खाली आणलं ते थेट पोडियमवर, कारण घरात चाळीस माणसं मावत नव्हती आणि घराबाहेरचा बोळ पाच फुटी. पोडियम म्हणजे गाड्यांची जागा. आम्ही दोन गाड्यांच्या मधल्या फटीत उभे होतो. जुन्या चाळीतल्या म्हाताऱ्या बायका लोकलने आल्या होत्या, त्यांना टेकायला जागा नव्हती. एकीला कुणीतरी गाडीचं दार उघडून आत बसवलं. भटजी सांगत होते आणि वॉचमन मागून सांगत होता की एक गाडी बाहेर काढायची आहे, जरा वाट द्या. तो बिचारा त्याचं काम करत होता. करारात या इमारतीला एक बहुउद्देशीय सभागृह मिळणार असं लिहिलेलं होतं. ते आहेही. पंपाच्या खोलीमागे, खिडकी नसलेलं, आणि इमारत पूर्ण झाल्यापासून त्यात बिल्डरच्या उरलेल्या फरशा ठेवलेल्या आहेत. किल्ली सोसायटीकडे नाही. कागदावर आमचं सभागृह चारशे फुटांचं आहे.

काकूचं दार मात्र रात्री दहापर्यंत उघडं असतं. सत्तर वर्षांची सवय. दारात खुर्ची टाकून ती बसते. समोर तीन बंद दारं आणि ट्यूबलाइट. सोसायटीने पत्र लावलंय की आगीच्या नियमामुळे बोळात खुर्च्या, चपलांचे रॅक ठेवू नयेत. नियम बरोबर आहे, आग लागली तर त्या बोळातूनच पळायचं आहे. काकू म्हणाली, "बाळा, इथे सगळं आहे रे. नळाला चोवीस तास पाणी आहे. बसायला जागा नाही." तीनशे फुटांच्या घरात दोन सोफे आहेत. तिला त्या जागेबद्दल बोलायचं नव्हतं.

ही एका घरची तक्रार असती तर मी लिहिली नसती. प्रकल्पबाधितांना हलवून जिथे वसवलं त्या गोवंडीच्या नटवर पारेख आणि मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरचं अंतर ठेवलं गेलं. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने तिथे पाहणी केली तेव्हा इमारतींची दाटी, खालच्या मजल्यांवर न पोचणारं ऊन-वारा आणि क्षयरोग यांचा संबंध स्पष्ट दिसला. म्हणजे सामाईक जागा गेली की हरवतात ती फक्त शेजारपाजार आणि सणवार, असं नाही. फुप्फुसं जातात. दोन इमारतींमधला मोकळा पट्टाही सामाईक जागाच असते, आणि तीही कुणाच्या पावतीवर नसते.

इथे कुणी म्हणेल की नियम तर आहेत. आहेत. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत दर शंभर कुटुंबांमागे बालवाडी, कल्याण केंद्र, सोसायटी कार्यालय द्यावं लागतं, नंतर त्यात वाचनालय, महिला उद्योग केंद्र, युवा केंद्र यांचीही सोय झाली. या खोल्या चटईक्षेत्र निर्देशांकात मोजल्या जात नाहीत, म्हणजे त्या दिल्याने बिल्डरचं विक्रीचं क्षेत्र कमी होत नाही. तरीही अशा इमारतींमध्ये गेलं की बालवाडीचा बोर्ड असलेल्या दाराला कुलूप दिसतं, किंवा आत कुणाचं तरी कार्यालय थाटलेलं असतं. याचं कारण असं की नियम खोलीचा आकार सांगतो आणि तिथेच थांबतो. ती कुठल्या मजल्यावर असेल, तिला खिडकी असेल का, ती घरांच्या आधी ताब्यात मिळेल की नंतर, चालवणार कोण, पैसा कुठून येणार, हे मोघम राहतं. आपण घराच्या बाबतीत असं कधी चालवून घेतो का? घराच्या कराराला तीस-तीस पानं असतात, नळाच्या तोटीची कंपनीसुद्धा लिहिलेली असते.

लोकांनाच नको असतं, असंही ऐकायला मिळतं, आणि यात तथ्य आहे. आमच्या चाळीच्या सभेत एका शिक्षकांनी वाचनालयाची जागा मागितली तेव्हा मागून आवाज आला, "ती दहा-दहा फूट प्रत्येकाच्या घरात वाढवून द्या." टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत मीही होतो. पण लोक असं का बोलतात? गोरेगावच्या पत्राचाळीतल्या ६७२ कुटुंबांनी २००८च्या करारानंतर घरं सोडली आणि हक्काच्या घरासाठी दीड दशकाहून जास्त काळ वाट पाहिली. भाडं बंद झालं, कितीतरी जण वाट पाहता पाहता गेले. मुंबईतल्या प्रत्येक चाळीच्या सभेत ही भीती बसलेली असते. जो माणूस घर मिळेल की नाही याच धास्तीत आहे तो वाचनालय कसं मागेल? तो मोजता येणारी, कुलूप लावता येणारी, विकता येणारी गोष्ट मागतो. त्यात त्याची चूक नाही. पण म्हणूनच सामाईक जागा सभेतल्या मतदानावर सोडता येत नाही. जिन्याची रुंदी आपण मतदानाला टाकत नाही, अग्निशमनाची टाकी टाकत नाही. बालवाडी आणि बसायची ओसरी त्याच यादीत असायला हवी.

चाळीतल्या एकोप्याबद्दलही खरं बोलायला हवं. तो एकोपा सगळ्यांना सारखा मिळत नव्हता. बीडीडी चाळींत दलितांच्या चाळी आणि सवर्णांच्या चाळी वेगळ्या ओळखल्या जात. जानेवारी १९७४ मध्ये वरळीत दलित पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली, ती कित्येक दिवस धुमसत राहिली, नायगावच्या मोर्चात भागवत जाधव या पँथर कार्यकर्त्याचा बळी गेला. ज्या पटांगणांचा मी इतका वेळ गौरव करतो आहे त्याच पटांगणांत दगड पडले. म्हणून नव्या इमारतींत कुणाला कुठलं घर हे सोडतीने ठरतं याचं मला मोल वाटतं. चाळ नंबर अमुक म्हणजे अमुक जात, हे गणित त्या सोडतीने मोडलं. काही म्हाताऱ्या माणसांचे शेजार तुटले, त्याचं दुःख आहे. पण शंभर वर्षांची वाटणी पुढे नेण्यापेक्षा हे बरं.

मात्र यातून दुसरी जबाबदारी येते. जुन्या चाळीत माणसं एकमेकांना ओळखत होती, कारण नळ एक होता, संडास एक होता, बोळ एक होता. टाळायचं म्हटलं तरी टाळता येत नव्हतं. आता ती सक्ती संपली, आणि संपली ते छानच झालं. चाळीस मजल्यांच्या इमारतीत सोडतीने शेजारी आलेली दोन कुटुंबं आता कुठे भेटणार? लिफ्टमध्ये, वीस सेकंद. त्यांना भेटायला जागा मुद्दाम करून दिली नाही तर ती आपापल्या जुन्या मंडळांत परत जातील, आणि सोडतीने मोडलेलं गणित पुन्हा जुळेल. म्हणजे सोडत आणि सभागृह या एकाच निर्णयाच्या दोन बाजू आहेत. एक केलं आणि दुसरं सोडलं तर पहिलंही फुकट जातं.

आणि हे सगळं इमारतीच्या आवारापुरतं नाही. गिरणगावात सुमारे ६०० एकर जमीन गिरण्यांची होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात अडीच लाख कामगार उतरले आणि त्यानंतर गिरण्या एकामागून एक मालवत गेल्या. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने ठरवलं होतं की गिरणीच्या जमिनीचे ढोबळ तीन वाटे करायचे. एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकाला. चार्ल्स कोरिया यांच्या समितीने १९९६ मध्ये या जमिनींचा एकत्र विचार करून आराखडा दिला. मग २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी पूर्ण जमिनीची होणार नाही, जिथे बांधकाम नाही तेवढ्याच मोकळ्या जमिनीची होईल. गिरणी म्हणजे शेड आणि शेड. मोकळी जमीन कितीशी उरणार? उच्च न्यायालयाने २००५ मध्ये पर्यावरणवाद्यांच्या बाजूने निकाल दिला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. लालबाग-परळ-लोअर परळला मिळू शकली असती अशी बागांची, मैदानांची, शाळांची जमीन एका शब्दाच्या अर्थावर गेली. ज्यांच्या घामावर गिरण्या चालल्या त्यांच्याकडे त्या जमिनीचीही पावती नव्हती.

आज पुनर्विकासाची एकेक इमारत आपल्या पायापुरता विचार करते, कारण आजूबाजूला मैदान उरलंच नाही. चाळीच्या पटांगणात मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ साली झाला, गिरगावात केशवजी नाईक चाळीत. आता लालबागमध्ये मंडप रस्त्यावर येतो आणि लोक रस्ता अडवला म्हणून चिडतात. चिडणं समजतं. पण रस्त्यावर येण्याआधी तो कुठे होता हेही आठवायला हवं.

याच कोरियांनी नवी मुंबईत, बेलापूरला, १९८० च्या दशकात एक लहानशी वसाहत बांधली. तिथे सात घरांचा एक गट, त्यांच्या मधोमध आठ मीटर बाय आठ मीटरचं अंगण. असे तीन गट मिळून थोडं मोठं अंगण, आणि असं वाढत वाढत शेवटी सगळ्या वसाहतीची मोकळी जागा. घरं छोटी होती, पुढे वाढवता येतील अशी. मला त्यातलं आवडतं ते सात या आकड्याचं मोजमाप. सात घरांना आपलं म्हणता येईल असं अंगण असलं की ते झाडलं जातं, तिथे तुळस लावली जाते. चारशे घरांचं एकच सभागृह कुणाचंच नसतं. टॉवरमध्ये जमिनीवरचं अंगण देता येणार नाही, हे मान्य. पण दर पाच-सहा मजल्यांवर उजेड-वारा असलेली एक ओसरी देता येते. आगीच्या वेळी थांबण्यासाठी नियमाने राखलेली जागा वेगळी, तिला हात लावायचा नाही. त्याशिवायची ओसरी, बाकड्यांची, जिथे काकूची खुर्ची नियमात बसेल. वास्तुशास्त्रातली ही काही अवघड गोष्ट नाही. तेवढा खर्च कुणीतरी धरायला हवा.

खर्चाचं सोंग आणता येत नाही, म्हणून त्याबद्दलही बोलू. टॉवरची लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा, रंगरंगोटी यांचा महिन्याचा आकडा चाळीच्या भाड्याच्या कैक पट असतो. वरळीत बारा वर्षं देखभालीचा भार रहिवाशांवर येणार नाही असं जाहीर झालं आहे, आणि ते चांगलं आहे. तेराव्या वर्षी काय? मला वाटतं तिथेच सामाईक जागेकडे वेगळ्या नजरेने पाहता येतं. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्या बायकांचं भांडवल म्हणजे एक स्टोव्ह आणि दाराबाहेरची जागा. आज त्यांच्या सुना-नातींकडे गॅसची शेगडी आहे, मोबाइलवर पैसे घेता येतात, दाराबाहेरची जागा नाही. तळमजल्यावर रस्त्याला लागून चार गाळे सोसायटीच्या नावाने ठेवले आणि इमारतीतल्या बचत गटांना भाड्याने दिले, सभागृह लग्न-मुंजींना दिलं, तर देखभालीचा काही भाग तिथून निघतो आणि जागेला रोजची वर्दळ राहते. भेंडीबाजारात साडेसोळा एकरांवर जो समूह पुनर्विकास चालू आहे त्यात सुमारे ३,२०० कुटुंबांबरोबर १,२५० दुकानंही धरली आहेत. तिथल्या योजनेबद्दल माझे काही प्रश्न आहेत, पण धंदा हा वस्तीचाच भाग आहे हे त्यांनी सुरुवातीपासून ओळखलं, हे मान्य करावं लागेल.

सभागृह दिलं की ते कुठल्या तरी पक्षाच्या शाखेच्या ताब्यात जातं, हा आक्षेपही खरा आहे. मी असं घडताना पाहिलं आहे. पण त्यावर उपाय जागाच न देणं हा कसा होईल? मालकी सोसायटीची, वापराची नोंदवही सगळ्यांना दिसेल अशी दाराशी, सकाळची वेळ बालवाडीला, दुपारची बायकांना, संध्याकाळची अभ्यासिकेला, हे लिहून ठेवलं आणि किल्ली महिला समितीकडे दिली तर जागा बळकावणं सोपं राहत नाही. आणि एक अट सगळ्यांत महत्त्वाची: सामाईक जागा वापरायोग्य अवस्थेत ताब्यात आल्याशिवाय विक्रीच्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नाही. बिल्डरला जिथे घाई असते तिथे आपली अट बांधायची. घराच्या बाबतीत आपण हे शिकलो, सामाईक जागेच्या बाबतीत अजून शिकायचं आहे.

ही अट सरकारने नियमात घालावी, कारण शंभर-दोनशे भाडेकरूंची सोसायटी एकटी ती पाळायला लावू शकत नाही. बीडीडीचं काम म्हाडा करते आहे, म्हणजे तिथे सरकारला कुणा खाजगी बिल्डरची मनधरणी करायची नाही. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गाच्या इमारती, वरळीचे उरलेले टप्पे, यांत ही सुरुवात करता येईल. तिथे मोजून दिलेली, उजेडाची, चालती सामाईक जागा लोकांनी डोळ्यांनी पाहिली की बाकीच्या चाळींतले भाडेकरू तीच मागतील. ५०० फुटांचा आकडा असाच पसरला. आधी एका ठिकाणी मिळाला, मग सगळ्यांनी मागितला.

मुंबईत जुन्या उपकरप्राप्त इमारती अजून हजारोंनी उभ्या आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांत या महिन्यात सभा होतील. तुमची सभा असेल तर चटईक्षेत्र जरूर मागा, भाडं आगाऊ मागा, कॉर्पस मागा. पण सभेला जाण्याआधी एक फीत घेऊन आपल्या दारासमोरची गॅलरी मोजा. तिची लांबी-रुंदी कागदावर लिहा, मजल्यावरच्या सगळ्यांच्या सह्या घ्या, पटांगण आणि गच्चीचं मापही त्याच कागदावर टाका, आणि तो कागद भाडेपावतीच्या सोबत कराराला जोडायला लावा.